भुसावळच्या मे महिन्यात प्रेत थंड कसं पडेल?

पांझरा

रहस्य, प्रेम आणि अद्भुत या तिन्ही प्रकारांत सध्या मराठीत भरपूर लिहिलं जातंय, छापील पुस्तकं, ई-बुकं आणि ऐकायच्या मालिका धरून. त्यात धुळे-जळगाव-नंदुरबारही आता बऱ्यापैकी दिसतात. पण बहुतेक ठिकाणी खानदेश फक्त पाटीवर असतो. जळगाव खोडून सांगली लिहा, एकही प्रसंग जागचा हलत नाही. हा माझ्या मते नुसता वातावरणनिर्मितीचा दोष नाही, कथानकाचाच दोष आहे.

रहस्यकथेत नेहमी दिसणारा प्रसंग घ्या. मे महिना, भुसावळ, भर दुपारी बंद घरात खून. संध्याकाळी डॉक्टर प्रेताला हात लावून सांगतात, "अंग गार पडलंय, पाच-सहा तास झाले असावेत." मेल्यावर शरीर तासाला साधारण पाऊण ते एक अंश सेल्सिअसने निवतं, हा हिशेब थंड हवेतला आहे. आणि ते निवतं भोवतालच्या तापमानापर्यंतच. बाहेर ४४-४५ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त, तर ३७ अंशांचं शरीर निवणार कसं? तिथला जाणता डॉक्टर दुसऱ्या खुणा बघेल. ताठरपणा कुठवर आलाय आणि कुठून सुटतोय (थंडीत दीड-दोन दिवस टिकणारा ताठरपणा उन्हाळ्यात एका दिवसाच्या आसपासच उतरू लागतो), पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हिरवट झाक आहे का (उन्हाळ्यात १२ ते १८ तासांत दिसते), माशांनी अंडी घातलीत का.

शिवाय लेखकाच्या हातून केवढी चांगली गोष्ट निसटते बघा. कूलर! खोलीत कूलर चालू असेल तर शरीर निवेल, बंद असेल तर नाही. चाळीस-पन्नास लिटरची टाकी कोरड्या हवेत एका रात्रीत तळाला जाते. पाणी संपलं की पंप कोरडा घरघरतो, वाळ्याच्या जाळ्या सुकतात आणि तोच पंखा गरम झळ फेकू लागतो. म्हणजे खोली आधी गार, मग तप्त. वेळेचा असा गुंता पुण्या-मुंबईच्या एसीच्या खोलीत सापडणार नाही.

वाघूर

पांझरा, उन्हाचा मुद्दा बिनचूक आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

रहस्यकथेचा वाचकाशी करार असतो तो प्रामाणिकपणाचा, भूगोलाचा नाही. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने १९२९ साली या प्रकाराचे दहा नियम लिहिले. आजवर कुणाला ठाऊक नसलेलं विष नको, एकाहून जास्त गुप्त वाटा नकोत, गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे. दहांत हवामान कुठेच नाही. त्याच्या तीन वर्षं आधी, १९२६ मध्ये, अगाथा ख्रिस्तीने निवेदकालाच खुनी ठरवून खळबळ उडवली होती. भांडण पेटलं ते तिने वाचकाला फसवलं का यावर. गावाचं वर्णन खरं की खोटं, हे कुणी विचारलं नाही.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. खानदेशातल्या वाचनालयांतही त्यांच्यासाठी नंबर लागायचे. त्या वाचकांना त्यांचा नायक झुंजार पुढे काय करतो एवढंच हवं होतं. अलीकडच्या कादंबऱ्या पडतात त्याचं कारण निराळं आहे: शेवटचा धक्का आधी ठरवायचा आणि मग त्याला अडचणीचे ठरणारे दुवे गाळून टाकायचे. दोनशे पानं ज्याचं नावही नाही असा जुळा भाऊ शेवटच्या वीस पानांत उगवतो. नॉक्सचा दहावा नियम हेच बजावतो, की वाचकाला आधीपासून तयार केल्याशिवाय जुळे आणायचे नाहीत. हा दोष भुसावळचं तापमान अचूक लिहून सुटणार आहे का?

गिरणा

वाघूरभाऊ, तुमचेच नियम लावून बघा. दुवा वाचकाला दिसला पाहिजे म्हणता, पण दुवा खोटा असेल तर तो दाखवून उपयोग काय? "अंग गार" हा दुवा धरून वाचक हिशेब करतो, आणि मुळात तो हिशेब होऊच शकत नाही. याला फसवणूकच म्हणतात.

मोबाइलचं तर विचारूच नका. "टॉवर लोकेशनवरून तो त्या रात्री तिच्याच घरी होता हे सिद्ध झालं." साक्री किंवा अक्राणी तालुक्यात एकेक टॉवर कित्येक किलोमीटरचा पट्टा सांभाळतो. त्या नोंदीवरून फोन त्या पट्ट्यात होता एवढंच कळतं. घर सोडा, गावही नक्की सांगता येत नाही. शहरातल्या दाट टॉवरांचा अंदाज जसाच्या तसा इथे आणला की खटला कोर्टात पहिल्याच दिवशी कोसळेल.

नवापूरचं रेल्वे स्टेशन मात्र अजून कुणी नीट वापरलेलं नाही, याची खरंच हळहळ वाटते. अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. एकाच बाकाचं एक टोक या राज्यात, दुसरं त्या राज्यात. ज्यांनी वापरलं ते "हद्दीच्या वादात गुन्हाच नोंदला नाही" असं लिहून मोकळे झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. पुढे कागद योग्य ठाण्याकडे जातात. त्यामुळे आजचं कथानक त्या कागदाच्या प्रवासात रंगायला हवं: पंचनामा कुणी केला, मधले दोन दिवस कुठे गेले, गुजराती जबाबाचा मराठी तर्जुमा करताना कुठला शब्द बदलला.

वाघूर

कायद्यात आहे म्हणून ठाण्यात होतंच असं नाही, गिरणाताई. खबर घ्यायला टाळाटाळ करणारा पोलीस कादंबरीत दाखवला तर ती चूक कशी? चूक तेव्हा, जेव्हा लेखकालाच नियम माहीत नसतो आणि फिर्यादीच्या बाजूने बोलायला कथेत एकही माणूस ठेवलेला नसतो. टॉवरचं मान्य.

बोरी

प्रेमकथांबद्दलही बोलूया, कारण खप त्यांचा जास्त आहे आणि ढिसाळपणाही. नव्या प्रेमकथांत ताटातूट होते ती गैरसमजाने. तिने त्याला कुणाबरोबर तरी बघितलं, तो काही बोलला नाही, तीन वर्षं गेली. हातात व्हॉट्सॲप असताना तीन वर्षं! एका मेसेजने मिटणारा अडथळा हा अडथळाच नव्हे.

खरा अडथळा हवा असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ उघडा. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस दिली की ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि पुढचे ३० दिवस कुणीही हरकत घेऊ शकतो. आता मुलगी शहाद्याची, मुलगा नोकरीला पुण्यात, नोटीस पुण्यात. पण मुलीचा कायमचा पत्ता नंदुरबार जिल्ह्यातला, म्हणून नोटिशीची प्रत तिकडच्या कार्यालयातही लागते. म्हणजे जे लपवायचं तेच गावाजवळच्या भिंतीवर चिकटतं. पुढे ३० दिवस, रोज कुणीतरी त्या भिंतीसमोरून जाणार. हरकत नुसत्या नाराजीवर टिकत नाही. वय, आधीचा जोडीदार हयात असणं, मानसिक असमर्थता, निषिद्ध नातं, एवढीच कारणं चालतात. बापाला हे माहीत आहे का, की तो उगाच वकिलाकडे खेपा घालतोय? लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. तिसरा ऐनवेळी आला नाही तर?

अनेर

बोरी, यात एक मोठी मेख राहून गेली. दोघंही हिंदू असतील, जात वेगळी असली तरी, हिंदू विवाह कायदा १९५५ खाली लग्न लागतं आणि तिथे ३० दिवसांची आगाऊ नोटीस नाही. म्हणून तर मराठी कादंबरीतलं प्रत्येक पळालेलं जोडपं आळंदी गाठतं. तुमचं कथानक उभं राहायचं तर धर्म वेगळे हवेत, नाहीतर या दोघांनी मुद्दाम हा रस्ता का धरला हे लेखकाने सांगायला हवं. "आम्हाला विधी नकोत" हे कारण चालेल, पण ते पात्राच्या स्वभावात पहिल्यापासून दिसू द्या.

आणि माझा मूळ विरोध. प्रेमकथा कायद्याच्या तारखांवर चालत नाही. दोघांना एकमेकांची भीती कशाची वाटते, हे कळलं नाही तर भिंतीवर दहा नोटिसा लावूनही पान उलटावंसं वाटणार नाही. नोटीस बाहेरची, भीती आतली. सध्याच्या पुस्तकांत दोन्ही नाहीत, हे मात्र खरं.

बोरी

आळंदीची दुरुस्ती घेतली. भीतीचं म्हणाल, तर ती या ३० दिवसांतच दाखवता येते. अठराव्या दिवशी तिला वाटतं की आता कुणी हरकत घेतली तर बरं. हे वाक्य लिहिण्याची हिंमत असलेली प्रेमकथा हवी आहे.

सुसरी

अद्भुतकथांकडे वळते. सध्या सातपुड्यात परदेशी पऱ्या आणि ड्रॅगन आणून सोडलेत, वर रोमँटसीच्या (प्रेमकथा अधिक अद्भुतकथा) लाटेमुळे प्रत्येक शापित राजपुत्राचं डोळ्यात डोळे घालून बघणं. आपल्याकडे सातपुड्यातला अस्तंबा डोंगर आहे, दिवाळीत हजारो लोक चढून जातात. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा तिथला, तसा तो अशीरगडावरही सांगतात. खानदेशच्या फारुकी सुलतानांचा किल्ला, खाली तापीचं खोरं. लिहा ना त्यावर! पण हिशेबाने लिहा. अशीरगड ते तोरणमाळ सरळ रेषेतच दोनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. घोडा दिवसाला चाळीस ते साठ किलोमीटर जातो, डोंगरात त्याहून कमी. म्हणजे चार-पाच दिवस. कादंबरीतला नायक हे अंतर एका रात्रीत कापतो आणि घोड्याला घामही येत नाही. घोडा मायावी असेल तर तसं आधी सांगा.

जादूची किंमतही ठरलेली हवी. अमेरिकी अद्भुतकथाकार ब्रँडन सँडरसनचं म्हणणं चोख आहे: वाचकाला जादू जितकी कळलेली, तितकीच अडचण लेखकाने जादूने सोडवावी. आपल्याकडे असे नियम तयार आहेत. कानबाई या खानदेशी देवीच्या रोटांचं बघा, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी. धान्य सव्वाच्या मापाने, घरातली माणसं मोजून, आणि रोट खायचे ते भाऊबंदांतच. माप आणि मर्यादा दोन्ही आल्या. यावर अख्खी जादूव्यवस्था उभी राहते.

अनेर

इथे मात्र ठाम विरोध, सुसरीताई. कानबाई आणि अस्तंबा ही चालू श्रद्धा आहे. घराघरांत चौरंग मांडला जातो. तिचं माप उचलून लढाईचं हत्यार केलं की उद्या वाचक रोटांकडे त्याच नजरेने बघणार. अस्तंब्याला जाणाऱ्यांत आदिवासी भाविक मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या देवाची कथा शहरातल्या लेखकाने नायकाला बळ देण्यासाठी वापरायची, हे मला बरोबर वाटत नाही.

सुसरी

मग घेऊ नयेच का? देवाचं नाव आणि विधी जसेच्या तसे उचलू नयेत, हे पटतं. नियमाचा साचा घ्या, देवी कल्पनेतली करा: मोजून दिलेलं, नात्याबाहेर न जाणारं अन्न. भाषेलाही हेच लागू. प्रत्येक पात्राच्या तोंडी "काय करी ऱ्हायना" घातलं की खानदेश झाला असं समजतात. ते धुळे-अमळनेर-साक्रीकडचं. यावल-रावेरच्या केळीबागेतला माणूस लेवा बोलीत बोलेल, धडगावचा पावरीत.

अनेर

साचा घेतला तरी इकडचा वाचक ओळखणारच. माझी हरकत कायम आहे. बोलींचं बरोबर.

वाघूर

पांझरा, तुमच्या कूलरकडे परत येतो, कारण त्याने विचारात पाडलं. खुनी नंतर येऊन टाकी भरून गेला तर? खोली पुन्हा गार होईल, शरीर उशिरा निवायला लागेल आणि मृत्यू आहे त्यापेक्षा अलीकडचा वाटेल. झकास आहे. पण माझी अट तीच: वाचकाला हे आधी दिसलं पाहिजे.

पांझरा

दाखवता येतं. बोअरचं पाणी जड असतं, आटत जाताना टाकीच्या आतल्या बाजूला पांढरा थर धरतं, पातळी उतरेल तशा ओळी उमटतात. टाकी काठोकाठ आणि थराची सर्वांत ताजी, अजून न घासलेली ओळ तळाशी, असं दिसलं तर टाकी एकदा पूर्ण आटून पुन्हा भरलेली आहे. भरताना बादलीतून सांडलं असणारच. त्या उन्हात फरशीवरचं पाणी अर्ध्या तासात उडून जातं, पण कूलरखालच्या पोत्यात ओल राहते. म्हणून पहिल्या प्रकरणात, सगळे प्रेताकडे बघत असताना, हवालदाराचा पाय त्या पोत्यावर पडू द्या. मोजा ओला झाला म्हणून त्याने बूट काढला, एवढं एक वाक्य पुरे. ओळींचं वर्णन तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात, कूलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या तोंडून.