प्रोलॅक्टिनोमा: शस्त्रक्रिया अटळ आहे का?

प्रश्न: माझ्या धाकट्या बहिणीची पाळी 8 महिने बंद असून, एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत 7 मिलिमीटरची गाठ आढळली आहे आणि रक्तातील प्रोलॅक्टिन हे (दूध निर्माण करणारे) संप्रेरकही बरेच वाढलेले आहे. शस्त्रक्रिया करावीच लागेल का?

उत्तर 1: बहुधा नाही. 10 मिलिमीटरपेक्षा लहान गाठीला मायक्रोॲडेनोमा म्हणतात; ती कर्करोगाची नसते, आणि प्रोलॅक्टिन स्रवणारी (म्हणजे प्रोलॅक्टिनोमा) असल्यास आठवड्यातून एकदा-दोनदा घ्यायच्या कॅबरगोलीनच्या गोळीने बहुतेकांचे प्रोलॅक्टिन उतरते, गाठ आकसते व पाळीही परतते.

उत्तर 2: माझी गाठ मोठी होती. दृष्टीच्या नसांवर दाब आल्याने मला दोन्ही बाजूंचे दिसेनासे झाले होते, तरीही ती गोळ्यांनीच आकसली. गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, मळमळ कमी होते.

उत्तर 3: गर्भधारणा व थायरॉईड तपासले आहे ना? ॲसिडिटीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या डोमपेरिडोननेही प्रोलॅक्टिन वाढते, म्हणून चालू असलेली सर्व औषधे एंडोक्रायनॉलॉजिस्टना (संप्रेरकतज्ज्ञ डॉक्टरांना) अवश्य सांगावीत.