वाळवंटातील सफारी हे नाटक असेल, तर ते आपल्याच मागणीवरून बसवलेले आहे

कर्वेनगरकर

'पेठेतला वाचक' यांनी दुबईच्या वाळवंटी सफारीवर जे लिहिले, ते वाचून मला राहवले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की अर्धा तास गाडीत आदळआपट, मग तंबूत बेचव बफे आणि शेवटी कमरेचा नाच, यापलीकडे या सफारीत काही नसते. ज्याला वाळूच पाहायची असेल त्याने दिवेआगरला जावे. त्यांनी जे पाहिले ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु सर्वांत स्वस्त पॅकेज घ्यायचे आणि त्यावरून तिथल्या चालकाचे कसब आणि तिथले जेवण दोन्ही निकालात काढायचे, हे मला मान्य नाही.

आधी गाडीविषयी. दुबईहून हत्ताकडे जाणाऱ्या रस्त्यावर लहबाबच्या तांबड्या टेकड्या लागतात. डांबरी रस्ता सोडण्यापूर्वी चालक खाली उतरतो, प्रत्येक चाकापाशी उकिडवा बसतो, व्हॉल्व्ह दाबून हवा सोडतो आणि मधूनमधून गेज लावून पाहतो. एरवी 35 पीएसआयच्या आसपास असलेला दाब तो 15 ते 18 वर आणतो. त्यामुळे टायर बसतो, जमिनीला टेकणारा त्याचा भाग लांब होतो आणि दोन टनांहून जड गाडी वाळूत रुतण्याऐवजी वाळूवरून जाते. पुढचे सगळे नजरेचे काम असते. टेकडीची वाऱ्याकडची बाजू दाबली गेल्यामुळे टणक असते आणि पलीकडची बाजू भुसभुशीत, सुमारे 34 अंशांवर कशीबशी टेकलेली असते. माथ्यावर वेग कमी पडला, तर गाडीचे पोट टेकते आणि चारही चाके नुसती फिरत राहतात. वेग जास्त झाला, तर पलीकडे काय आहे ते दिसण्याआधीच गाडी खाली झेपावते. उतरताना तोंड सरळ उताराकडे ठेवावे लागते, कारण तिरकी घेतलेली गाडी कलंडते. हे सगळे तो मागच्या प्रवाशांशी बोलत बोलत करतो, म्हणून आपल्याला ती नुसती घसरगुंडी वाटते.

आता जेवणाविषयी. तंबूत हमस, फतूश, पनीर मखनी आणि नूडल्स एकाच टेबलावर मांडलेले असतात, हे खरे आहे. यात अमिरातीचे काहीच नसते, कारण हमस आणि फतूश लेबनॉन-सीरियाकडचे, आणि उरलेले कोणासाठी ठेवलेले असते हे आपल्याला ठाऊक आहे. ज्या छोट्या सहलींत पाच-सहा माणसांना संथपणे वाळवंट दाखवतात, तिथे हरीस मिळते, लोमी म्हणजे वाळवलेले लिंबू घातलेला मजबूस नावाचा भात मिळतो आणि खजुराच्या काकवीत घोळवलेले लुगेमात, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, मिळतात. त्या सहली महाग असतात आणि त्यात नाच नसतो, म्हणून आपले लोक त्या घेत नाहीत. गिऱ्हाईक जे मागते तेच दुकानात ठेवले जाते, आणि इथले गिऱ्हाईक आपण आहोत.

पेठेतला वाचक

आपण तांत्रिक माहिती चांगली दिली, परंतु माझ्या तक्रारीला उत्तर दिले नाही. माझ्या आईला मणक्याचा त्रास आहे, हे मी पैसे भरण्यापूर्वी सहल विकणाऱ्या माणसाला स्पष्ट सांगितले होते. त्याने 'काही होत नाही, सगळ्यांच्या आजी जातात' असे सांगून आम्हाला पाठवले आणि प्रत्यक्षात तिला अगदी मागच्या रांगेत बसवले. पुण्यात परतल्यावर ती पंधरवडाभर नीट बसू शकत नव्हती. चालकाचे कसब मला अमान्य नाही. परंतु त्याच वेळी त्याच टेकडीवर एकामागोमाग गाड्या चढत असताना आणि प्रत्येक गाडीतून किंकाळ्यांची मागणी होत असताना, ते कसब प्रवाशाच्या सोयीसाठी नव्हे तर त्याला घाबरवण्यासाठी वापरले जाते. आणि 'गिऱ्हाइकाने मागितले' हे उत्तर मला कधीच पटलेले नाही. मी नाच मागितला नव्हता. मला तो पॅकेजमध्ये बांधून दिला गेला.

चाकण-चालक

वाचकसाहेब, आपल्या मातोश्रींना जो त्रास झाला त्याबद्दल वाईट वाटते, आणि यात दोष सहल विकणाऱ्याचाच आहे. मणक्याचे किंवा हृदयाचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी टेकड्यांवरच्या गाडीत बसू नये, हे तिथे सर्रास सांगितले जाते. तिसरी रांग मागच्या आसाच्या वर किंवा त्याच्याही मागे येत असल्याने प्रत्येक आदळा थेट तिथे पोहोचतो. पुढची सीट मागून घ्यावी, किंवा सरळ सांगावे की आम्हाला टेकड्या नकोत, सपाटीवरून तंबूपर्यंत न्या. अशी सोय बहुतेक ठिकाणी असते, परंतु न विचारता कोणी ती देत नाही.

मी गाड्यांच्या धंद्यात असल्यामुळे आणखी एक सांगतो. आपल्याकडे नवी फोर-बाय-फोर घेतली की लोक पहिल्याच शनिवारी कोकणच्या किनाऱ्यावर जातात, टायरमधली हवा कमी करत नाहीत, चाक रुतले की ॲक्सिलरेटर दाबून ते आणखी खोल घालतात आणि भरती आली की गावातला ट्रॅक्टर शोधत फिरतात. ज्याने लहबाबला चालकाशेजारी बसून डोळे उघडे ठेवले, तो असे करणार नाही. तिथे सफारीच्या चालकाला वेगळे प्रशिक्षण आणि वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे दिवेआगरला काय लागते?

माळरान

दिवेआगरला गाडी न्यायलाच नको, एवढेच त्याचे उत्तर आहे. याच किनारपट्टीवर वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी लोक जिवापाड जपतात आणि शेजारच्या वाळूत आपण गाड्या फिरवतो. वर दोन्ही बाजूंनी जे लिहिले गेले, त्यात वाळवंट हे जिवंत आहे याची कोणालाच आठवण झालेली दिसत नाही. उघड्या, हलत्या टेकडीवरील चाकोऱ्या वारा बुजवतो, हे मला मान्य आहे. परंतु दोन टेकड्यांमधल्या सपाटीवर, जिथे गवत आणि झुडपे असतात, जिथे साप-सरड्यांची बिळे असतात, तिथे चाकाची खूण वर्षानुवर्षे राहते. त्यातच घाफची झाडे असतात. हा अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष, राजस्थानातील खेजडी आणि आपण गणपतीला जिची पत्री वाहतो ती शमी, हे तिन्ही एकच झाड आहे. 1730 साली जोधपूरजवळच्या खेजडलीत याच झाडांसाठी अमृतादेवी आणि त्यांच्यामागून शेकडो बिश्नोईंनी जीव दिला. त्याच झाडाच्या रोपावरून आपण गाडी नेतो आणि त्याला पर्यटन म्हणतो.

माझा खरा रोख जैसलमेरवर आहे. सम आणि खुडी येथे आता हुबेहूब दुबईसारख्या जीप फिरवल्या जातात, आणि हा सगळा परिसर 3162 चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय मरुउद्यानाचा आहे. तिथे माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर अंडे घालते, बहुधा एकच. हा पक्षी जगभरात मिळून दीडशेच्या आसपास उरला आहे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी 1979 साली अभयारण्य केले, आणि आता तिथे तो दिसणे दुर्मीळ झाले आहे. एक घर आपण रिकामे केले. दुसऱ्या घरात तरी जीप घालू नका.

चाकण-चालक

माळढोक जीपखाली मरत नाही, तो विजेच्या तारांना धडकून मरतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली तारा जमिनीखालून न्यायला सांगितल्या होत्या. सगळे खापर जीपवर फोडणे सोपे आहे, कारण जीपवाला गावातला गरीब माणूस असतो.

माळरान

तारांचा धोका सर्वांत मोठा आहे, हे मी नाकारत नाही. परंतु तारा आहेत म्हणून त्याच्या अंड्याशेजारून गाडी नेण्याची मुभा कशी मिळते, हे आपण सांगावे. आणि गावातल्या माणसाच्या पोटाची काळजी असेल, तर दुबईचेच उदाहरण पाहा. तिथे 2003 पासून सुमारे 225 चौरस किलोमीटरचे संरक्षित वाळवंट आहे, त्यात ठरावीक संस्थांच्याच गाड्यांना ठरावीक मार्गांवर प्रवेश मिळतो, आणि 1972 च्या सुमारास रानातून नामशेष झालेला अरबी ऑरिक्स हा हरिणासारखा प्राणी आज तिथे कळपाने चरताना दिसतो. तिथला चालक उपाशी मेलेला नाही.

सांगवीची सुगरण

गाड्यांवर आपण बोला, मला जेवणावर बोलायचे आहे, कारण कर्वेनगरकरांचे 'पनीर मखनी कोणासाठी ठेवलेले असते' हे वाक्य मला लागले. ते माझ्या सासूबाईंसाठी ठेवलेले असते. त्या जन्मभर शाकाहारी आहेत, पंचाहत्तरी उलटून गेल्यावर पहिल्यांदा विमानात बसल्या आणि वाळवंटात सूर्य मावळताना त्यांनी हात जोडले. हरीस म्हणजे गहू आणि मांस तासन्तास शिजवून, घोटून केलेला पदार्थ. मजबूसमध्येही मांस किंवा मासे असतात. मग त्यांनी काय खावे? आमच्या ग्रुप टूरबरोबर मराठी आचारी होता, त्याने रात्री हॉटेलवर पिठलं-भात केला, आणि तो नसता तर त्या खजूर खाऊन झोपल्या असत्या. स्थानिक अन्नाचा आग्रह धरणे ज्याला सगळे चालते त्याला सोपे असते.

कर्वेनगरकर

ताई, सासूबाईंविषयी मी अवाक्षर काढलेले नाही. परंतु आचाऱ्याचा विषय आपणच काढला आहे म्हणून बोलतो, कारण हे माझे फार जुने दुखणे आहे. पुण्याहून निघालेला ग्रुप सिंगापूरला पोहे खातो, पॅरिसला साबुदाण्याची खिचडी खातो आणि जैसलमेरला, जिथे केर-सांगरीसारखी शुद्ध शाकाहारी भाजी घरोघरी होते, तिथेही वरण-भात मागतो. केर हे तिथल्या काटेरी झुडपाचे फळ, आणि त्या सांगऱ्या म्हणजे त्याच शमीच्या शेंगा. दुष्काळात माणसे ज्यावर जगली ते अन्न. बाजरीचा सोगरा, गट्टे, ताक आणि घोटुवा लाडू यांत शाकाहाऱ्याला न चालणारे काय आहे? तेव्हा अडचण शाकाहाराची नसते, सवयीची असते, आणि त्या सवयीला आपण संस्काराचे नाव देतो.

सांगवीची सुगरण

सवय म्हणा, संस्कार म्हणा; ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवडीचा स्वयंपाक केला, तिला म्हातारपणी आपल्या आवडीचे दोन घास मिळाले, तर त्यात आपल्याला कसला कमीपणा वाटतो? केर-सांगरी मी स्वतः करते. दोन्ही वाळलेली असतात, रात्रभर भिजवावी लागतात, नाहीतर केराचा तुरटपणा जात नाही, आणि तेल व आमचूर सढळ हाताने घालावे लागते. तंबूत पर्यटकांना मिळते ती भाजी घाईने उकडलेली आणि चरचरीत असते. ती एकदा खाऊन एखाद्याने पुन्हा वरण-भात मागितला, तर त्याला हिणवणारे आपण कोण? आपण स्वतः किती घरांत रांधले आहे?

कर्वेनगरकर

माझ्या रांधण्याचा इथे काय संबंध? मी पर्यटकांच्या वृत्तीविषयी बोलत आहे आणि आपण ते सतत वैयक्तिक करत आहात.

बिबवेवाडीचा भाचा

दोघांनीही जरा थांबावे. मी काही वर्षे शारजाहला नोकरीत होतो. 'स्थानिक' आणि 'आपले' अशी जी भिंत वर बांधली जात आहे, ती त्या किनाऱ्यावर कधी नव्हतीच. 1966 पर्यंत तिथे आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला खास रुपया चालत होता. मुंबईहून तांदूळ, मसाले आणि कापड जात होते, आणि तिथले मोती मुंबईच्या बाजारात येत होते. बलालीत खाऊन पाहा: केशर-वेलदोडा घातलेल्या गोड शेवया आणि वर अंड्याची पोळी. वरची पोळी काढली तर कोणत्याही पुणेरी आजीला ती ओळखीची वाटेल. करक चहा तर आपल्याच लोकांनी तिथे नेला.

आणि सासूबाईंना खजूर मिळाले, एवढ्यावर दुःख मानू नये. खजूर आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी, हेच तिथले पहिले आतिथ्य आहे, 2015 साली युनेस्कोने या कॉफीची नोंदही घेतली आहे. वाढणारा डाव्या हातात दल्ला, म्हणजे लांब चोचीची कॉफीची किटली, आणि उजव्या हातात बिनकानाचे कप धरतो, तळाशी जेमतेम दोन घोट ओततो, आणि आपण कप हलकेच हलवून परत देईपर्यंत ओततच राहतो. आमच्या कंपनीतला एक नवा मुलगा, नको म्हणणे उद्धट दिसेल म्हणून, पीतच राहिला होता. शेवटी एका वयस्क गृहस्थांनी त्याचे मनगट धरून कप हलवून दाखवला. साखर नसलेला, फिका, वेलदोड्याचा तो गहवा पूर्णपणे शाकाहारी आहे. सफारीत तो देतात, परंतु बहुतेक लोक फोटो काढून तो तसाच ठेवतात.

सांगवीची सुगरण

गहवा सासूबाईंनी प्यायला होता आणि त्यांना आवडला होता, हे मला नमूद करायला हवे. लुगेमातही खाल्ले असते, परंतु त्यात अंडे आहे का, हे विचारल्यावर तंबूतल्या कोणालाही सांगता आले नाही. कर्वेनगरकरांचा एवढा मुद्दा मी मान्य करते, की पदार्थ कशाचा आहे हे सांगणारे माणूस तिथे असते, तर आचाऱ्याची गरज कमी पडली असती. बाकीचे मान्य नाही.

पेठेतला वाचक

विषय माझ्या लेखावरून निघाला होता, म्हणून परत येतो. छोट्या, संथ सहलीचे वर्णन वाचून ती मला नकोशी वाटली नाही, हे सांगतो; कर्वेनगरकरांनी याला स्वतःचा विजय समजण्याचे कारण नाही. आईला मात्र मी पुन्हा नेणार नाही. आणि जो माणूस दुखणे ऐकूनही तिकीट विकतो, त्याला 'गिऱ्हाइकाची मागणी' या नावाखाली सोडून देण्यास माझा आजही विरोध आहे.

कर्वेनगरकर

त्या माणसाला मी कधीच सोडले नव्हते. सहल घेणाऱ्यांनी चार प्रश्न आधी लेखी विचारावेत, एवढेच म्हणतो: गाडीत किती माणसे, कोणती रांग, कोणता मार्ग आणि जेवण कोण बनवणार. उत्तर येत नसेल, तर पैसे देऊ नयेत.

माळरान

पाचवा प्रश्न मी घालतो: गाडी संरक्षित हद्दीत जाणार का, आणि जाणार असेल तर कोणत्या परवान्यावर. समला जाणाऱ्या पुणेकरांनी तर हा सर्वांत आधी विचारावा. माळढोकाचा विणीचा हंगाम मुख्यतः उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात असतो, आणि नेमक्या त्याच काळात 'ऑफ सीझन' म्हणून स्वस्तातील पॅकेजे विकली जातात.