३ दिवसांच्या लेकराच्या अंगावर लाल पुरळ, कशाचं असंल?

प्रश्न (परभणी): वहिनीच्या लेकराच्या छाती-पाठीवर लाल चट्टे उठलेत अन् मधी पिवळट बारीक फोड, सकाळी एकीकडं तर संध्याकाळी दुसरीकडंच दिसायलेत, आजी गोवर म्हणायलीय. दूध चांगलं पितंय.

उत्तर १: ताई, गोवर नसंल. जागा बदलायलेत म्हणजे बहुतेक एरिथिमा टॉक्सिकम (नुकत्याच जन्मलेल्या लेकरांना उठणारं साधं पुरळ), लई लेकरांना होतं, आठ-पंधरा दिवसांत आपोआप जातं. तळहात-तळपायावर सहसा नसतं. डॉक्टर नुसतं बघून ओळखतेत, शंका आली तरच फोडातलं पाणी तपासतेत. एकदा दाखवून घ्याच.

उत्तर २: आपल्याकडं एवढ्या उन्हात बी दुपट्यात गच्च गुंडाळतेत, त्यानं मानंला, काखेत घामोळ्या येतात. सुती झबलं पुरे, हळद-पावडर काही लावू नका.

उत्तर ३: पण पू भरलेले फोड, १००.४ किंवा जास्त ताप, नाहीतर दूध सोडलं, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखान्यात न्या.