गळा दाबल्याची तक्रार, पण मानेवर व्रण नाही. अहवालात काय लिहावं?

नमस्कार. मी अपघात विभागात डॉक्टर आहे. न्यायवैद्यक शिकले ते बहुतेक शवागारात. जिवंत माणसाच्या जखमा कशा वाचायच्या हे कुणी हाताला धरून शिकवलं नाही. ओळख पटेल असे तपशील वगळून विचारते.

एक बाई आल्या. नवऱ्याने गळा दाबला, डोळ्यांपुढे अंधारी आली, नकळत लघवी झाली असं त्यांनी सांगितलं. आवाज घोगरा, गिळताना दुखत होतं. मानेवर मात्र काहीच दिसेना. गर्दीत मी एक ओळ लिहिली : 'मानेवर बाह्य इजा नाही.' ओळ खोटी नाही, पण वाचणाऱ्याला वाटेल की काही घडलंच नाही. तेव्हापासून ती डोक्यातून जात नाहीये.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. पापणी उलटवली तर आत टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके, गळा दाबल्यावर दिसू शकतात तसे. आदल्या दिवशी मी पापणी उलटवलीच नव्हती! हातावर, करंगळीच्या बाजूला, मनगट ते कोपर यांच्यामध्ये एक काळानिळा डागही उमटला होता. वार अडवायला हात वर केला की लागतं तिथेच. सहकारी म्हणतात, रंग बघून डाग किती दिवसांचा ते लिही. मला ते पटत नाही. पिवळेपणा साधारण 18 तासांच्या आत दिसत नाही, त्यापलीकडे रंगावरून दिवस कसे सांगणार?

पहिला अहवाल दुरुस्त करू का? आणि मत कोणत्या शब्दांत देऊ?

प्रतिसाद :
आधी उपचाराचं बघा. मानेच्या रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी झाली का? धमनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली असेल तर काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. हे आजच.

पहिल्या अहवालात खाडाखोड अजिबात नको. तारीख-वेळ घालून पुरवणी नोंद जोडा, पापणी पहिल्यांदा तपासली नव्हती हेही लिहा. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, अवतरणात. संमती घेऊन मोजपट्टी ठेवून फोटो काढा, कॅमेरा जखमेच्या अगदी समोर धरून.

मतासाठी 'इस्तंबूल प्रोटोकॉल'मधली (छळाच्या तपासणी-नोंदीसाठीची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका) चढती भाषा वापरा, म्हणजे जखम तक्रारीशी किती जुळते ते : सुसंगत, अत्यंत सुसंगत वगैरे. आणि स्पष्ट लिहा : 'गळा दाबूनही मानेवर व्रण न उठणं शक्य आहे, व्रण नसल्याने तक्रार खोटी ठरत नाही.' डागाचं वय सांगू नका, तुमचं बरोबर आहे.

धागाकर्ती :
अँजिओग्राफी राहिली आहे. त्यांना आत्ताच फोन करते.