मदत हवी आहे : सेमी-ऑटोमॅटिक रायफल आणि घरातील जुनी ३१५ बोअर यांत नेमका फरक कोणता?

नमस्कार मंडळी,

आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. माझे सासरे ७२ वर्षांचे असून त्यांच्या परवान्यावर ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या मापाचा आकडा) बोल्ट ॲक्शन रायफल, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा (बोल्ट) हाताने ओढावा लागतो अशी, आणि बारा बोअरची दुनळी अशी दोन हत्यारे आहेत. तिसरी, आजेसासऱ्यांची ठासणीची बंदूक, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने हत्यारांची तीनची मर्यादा दोनवर आल्यावर जमा करावी लागली, आणि तिच्यातून माझ्या पाहण्यात एकही बार निघाला नसला तरी ती गेल्याचे दुःख सासऱ्यांना अजून आहे. परवानाधारक सत्तरीचा झाला की हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो आणि वारसांत सूनही मोडते. माझे यजमान नोकरीमुळे बाहेरगावी असल्याने तो अर्ज मी करावा असे घरात ठरले आहे. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. बंदूक आजवर सासऱ्यांच्या देखरेखीखाली पुसली आहे, चालवलेली नाही.

अडचण अशी की माझे धाकटे दीर टेक्सासला असतात आणि त्यांनी कळवले आहे की ती जुनी काठी विकून सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यावी, म्हणजे वहिनींना धक्का कमी बसेल आणि दर गोळीमागे बोल्ट ओढण्याची कटकट राहणार नाही. सासऱ्यांच्या मते ऑटोमॅटिक म्हणजे फौजेचे हत्यार, ते घरात येणे नाही. दोघे एकाच शब्दाने दोन वेगळ्या वस्तूंविषयी बोलत आहेत, असा मला संशय आहे.

मागच्या निवडणुकीत आचारसंहिता लागली तेव्हा रायफल ठाण्यात जमा करण्याच्या आदल्या संध्याकाळी सासरे ओसरीवर ती साफ करत बसले होते. बोल्टच्या मुठीचा काळा रंग त्यांच्या तळव्याने घासून पार पांढरा झाला आहे. एक रिकामी पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचे कवच) आत घालून त्यांनी मला दाखवले : मूठ वर, मग मागे, पुंगळी टणकन फरशीवर, मग मूठ पुढे आणि खाली. ही चार कामे सेमी-ऑटोमॅटिकमध्ये कोण करते, त्याला बळ कुठून मिळते, धक्का खरोखर कमी बसतो का, आणि मुळात असे हत्यार आपल्या साध्या परवान्यावर मिळते का, हे जाणकारांनी समजावून सांगावे. कृपया किमती आणि दुकानांचे पत्ते देऊ नयेत.

प्रतिसाद (बडोदे) :

ताई, मी सैन्यात हत्यारांच्या दुरुस्तीचे काम केले आहे. तुमचा संशय बरोबर आहे. फुल ऑटोमॅटिकमध्ये चाप दाबून धरला की मॅगझिन (काडतुसांची पेटी) संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतात. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, आणि दुसरीसाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. सासरे हाताने करतात ती चार कामे मात्र तिथे यंत्रच करते. अशा बहुतेक मोठ्या रायफलींच्या नळीला एक बारीक छिद्र असते. गोळी ते ओलांडून गेली की दारूचा थोडा वायू तिथून वळून दट्ट्यावर येतो, बोल्ट मागे जातो, पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि स्प्रिंग बोल्टला पुढे आणताना पुढचे काडतूस नळीत सारते. संवेग तोच राहतो, पण तो खांद्यावर थोड्या अधिक वेळात येतो, म्हणून धक्का सौम्य वाटतो. तुमच्या भाऊजींचे तेवढे खरे आहे.

गोळीची ताकद मात्र यंत्रणेवर नव्हे, काडतुसावर ठरते. अमेरिकेत १९६४ पासून विकली जाणारी रुगर १०/२२ ही सेमी-ऑटोमॅटिक आहे, पण तिचे २२ बोअरचे काडतूस तुमच्या ३१५ पुढे अगदीच किरकोळ आहे. ३१५ चे काडतूस जुन्या ऑस्ट्रियन ८ मिलिमीटर मॅनलिखर या लष्करी काडतुसाच्या वंशातले आहे. ३०३ हे फौजेचे काडतूस नागरिकांच्या हाती जाऊ नये म्हणून इंग्रजी अमलात हा वेगळा बोअर पुढे आला, आणि इशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्डच्या धर्तीवर त्याची रायफल बनवली. तिला काठी म्हणणे अन्यायाचे आहे.

घरात ठेवायच्या हत्यारात मी वेगाआधी एक गोष्ट पाहतो : ते रिकामे आहे हे किती सहज कळते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये गोळी झाडल्याबरोबर पुढचे जिवंत काडतूस नळीत येऊन बसते, आणि मॅगझिन काढून घेतले तरी ते तिथेच राहते. पुष्कळ अपघात याच एका काडतुसाने झाले आहेत. बोल्ट ॲक्शनमध्ये गोळी झाडल्यावर बोल्टला हात लावेपर्यंत आत रिकामी पुंगळीच असते. दुनळी तर मधून मोडून उघडली की दोन्ही नळ्या आरपार दिसतात, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही. शिवाय रायफलची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते, तर बारा बोअरचे बारीक छर्रे दोन-अडीचशे मीटरांत संपतात. भिंतीला भिंत लागलेल्या लष्करच्या वस्तीत हे विसरून चालणार नाही.

कायद्याचे उत्तर सोपे आहे. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत सेमी-ऑटोमॅटिक हत्यारे निषिद्ध वर्गात आहेत आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या साध्या परवान्यावर ती मिळत नाहीत. अपवाद पिस्तुलाचा : ३२ बोअरचे पिस्तूल हेही यंत्रणेने सेमी-ऑटोमॅटिकच, पण ते परवानगीच्या वर्गात येते. इतर देशांनीही साधारण याच यंत्रणेवर रेघ मारली आहे; ब्रिटनने १९८८ मध्ये, ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये आणि न्यूझीलंडने २०१९ मध्ये अशा बहुतेक रायफलींवर बंदी घातली, प्रत्येक वेळी एखाद्या मोठ्या हत्याकांडानंतर.

धागाकर्ती :

मनापासून आभार. सासऱ्यांना सगळे वाचून दाखवले. पिस्तुलाला सूट आणि रायफलला नाही, हे त्यांना अजून पटलेले नाही. भाऊजींनाही कळवले आहे. अर्ज दोन्ही जुन्या हत्यारांसाठीच करीन आणि त्याआधी नियमाप्रमाणे सुरक्षिततेचे प्रशिक्षण घेईन. एकच शंका उरली आहे. ३१५ चा बोल्ट काढून वेगळ्या कुलपात ठेवता येतो. दुनळीच्या नळ्याही दस्त्यापासून वेगळ्या करून ठेवाव्यात का, की त्याने सांधा झिजतो?

प्रतिसाद (बडोदे) :

अवश्य वेगळ्या ठेवाव्यात, आणि काडतुसे तिसऱ्या जागी. पुढचा लाकडी भाग काढला की नळ्या सुटतात. सांधा त्याने झिजत नाही. कोरडा ठेवून उघडझाप केल्याने झिजतो, म्हणून जोडताना बिजागरीला बोटाने थोडे ग्रीस लावावे.