जोसेफ के ऐकलंय का कुणी? एवढा भारी बँड एका अल्बमवर का थांबला?

कॅसेटवाला:
नमस्कार मंडळी. परवा रात्री फ्रान्झ फर्डिनांड हा स्कॉटिश बँड ऐकत होतो, ते संपल्यावर आपोआप पुढचं गाणं लागलं, 'सॉरी फॉर लाफिंग', बँडचं नाव जोसेफ के, आणि मी पडलो होतो तो उठूनच बसलो. मला वाटलं २००५ च्या आसपासचा कुठला तरी बँड असेल, बघतो तर १९८१! तेव्हापासून दुसरं काही लावलंच नाहीये. स्कॉटलंडमधल्या एडिनबराचे आहेत म्हणे. गाणी एवढी कडक असून नाव कुठेच कसं नाही? आणि एक आख्खा अल्बम तयार करून त्यांनी काढलाच नाही असं वाचलं, ते काय प्रकरण आहे? दोन्ही अल्बममध्ये बरीच गाणी तीच दिसतायत त्यामुळे माझा जाम गोंधळ झालाय. कुणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

बी_साइड:
या बँडबद्दल इथे कुणीतरी विचारावं याची मी किती वर्षं वाट बघत होतो! सुरुवातीपासून सांगतो. १९७९ मध्ये एडिनबरात चौघं एकत्र आले, पॉल हेग गायला आणि गिटारला, माल्कम रॉस दुसरा गिटार, डेव्ही वेडेल बास गिटारवर आणि रॉनी टॉरन्स ड्रम्सवर. आधी नाव होतं टीव्ही आर्ट, मग काफ्काच्या 'द ट्रायल' कादंबरीतल्या नायकाचं नाव घेतलं. पहिलं सिंगल 'चान्स मीटिंग', ते ऑरेंज ज्यूस या ग्लासगोच्या बँडचा ड्रमर स्टीव्हन डेली याने स्वतःच्या छोट्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीतर्फे, काढलं, आणि तिथून ते ग्लासगोच्या पोस्टकार्ड रेकॉर्ड्सकडे गेले. पोस्टकार्ड म्हणजे अॅलन हॉर्न नावाच्या पोराने आपल्या फ्लॅटमधून चालवलेलं लेबल, पण रुबाब असा की मोटाउन या अमेरिकन लेबलच्या 'साउंड ऑफ यंग अमेरिका' या घोषवाक्याच्या चालीवर रेकॉर्डवर छापलं 'द साउंड ऑफ यंग स्कॉटलंड'.

आता अल्बमचं. १९८० च्या शेवटाला एडिनबराजवळ पेनकेटलंडच्या कॅसल साउंड स्टुडिओत त्यांनी आख्खा अल्बम रेकॉर्ड केला, नाव 'सॉरी फॉर लाफिंग'. टेस्ट प्रेसिंगपर्यंत, म्हणजे नमुन्याच्या रेकॉर्ड छापण्यापर्यंत, गोष्ट गेली होती. पण ऐकल्यावर वाटलं की हे फार गुळगुळीत झालंय, स्टेजवर आपण असे वाजत नाही, आणि ठेवून दिला. विचार करा, विशीतली पोरं, खिशात पैसे नाहीत, पहिलावहिला अल्बम तयार आहे आणि तो बाजूला सारायचा! मग १९८१ मध्ये बेल्जियमला ब्रुसेल्सला जाऊन काही दिवसांत अल्बम नव्याने वाजवला, तो 'द ओन्ली फन इन टाउन'. दहा गाणी, जेमतेम अर्धा तास. म्हणून तुम्हाला तीच गाणी दोनदा दिसतायत. नवीन अल्बममध्ये गिटार इतक्या पुढे आणि आवाज इतका मागे की समीक्षकांनी नाकं मुरडली. त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, ग्लासगोत शेवटचा कार्यक्रम करून बँड मोडला. पोस्टकार्डने त्या काळात काढलेला हा एकच अल्बम, बाकी सगळी सिंगल्स.

मला विचाराल तर त्यांनी बरोबर केलं.

उत्तररात्र:
बी_साइड, इतिहास मस्त लिहिलाय पण शेवटच्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही. न निघालेला अल्बमच चांगला आहे! नंतर सीडीवर आला तेव्हा मी ऐकला, हेगचा आवाज कसा समोर येतो, शब्द कळतात, आणि 'एंडलेस सोल' सारखं गाणं तर नव्या अल्बममध्ये घेतलंच नाही त्यांनी. तेवढं एक गाणं एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या 'सी८१' कॅसेटवर गेलं म्हणून बरं. हा अल्बम १९८१ च्या सुरुवातीला दुकानात आला असता तर आज ऑरेंज ज्यूसच्या बरोबरीने नाव घेतलं असतं लोकांनी असं मला मनापासून वाटतं. रॉस पुढे ऑरेंज ज्यूसमध्येच गेला आणि १९८३ मध्ये 'रिप इट अप' ब्रिटनच्या टॉप टेनमध्ये पोचलं तेव्हा तो त्या बँडमध्ये होता, म्हणजे लोकांना हा आवाज चालत होता की.

सहावी_तार:
मी गिटार वाजवते म्हणून त्या बाजूने लिहिते. दोन्ही गिटार जवळजवळ क्लीन आहेत, डिस्टॉर्शनचा (आवाज फाटका करण्याचा) आधार नाही, सगळा ट्रेबल (वरचा टोकदार आवाज), आणि मनगट सतत वरखाली चालू, फंकमध्ये असतं तसं, पण फंकचा आराम नाही त्यात. 'इट्स किंडा फनी' जरा सावकाश आहे तिथून सुरुवात केली मी, पण 'सॉरी फॉर लाफिंग' बरोबर वाजवायला घेतलं तर दीड मिनिटात हात भरून आला. हा ताण रेकॉर्डवर ऐकू यायला हवा असेल तर मिक्स खरखरीतच पाहिजे, त्यामुळे माझं मत बी_साइडच्या बाजूने.

आणखी एक, मी काही वर्षं एडिनबरात होते. ग्लासगो ट्रेनने तासाभरावर, पण दोन्ही गावांचा स्वभाव वेगळा. ग्लासगोचा ऑरेंज ज्यूस कसा हसरा आणि लाजरा, जोसेफ केवाले मात्र काळ्या सुटात, चेहऱ्यावर हसू नाही. समुद्राकडून धुकं येऊन दुपारी चार वाजता ते काळे दगडी रस्ते दिसेनासे होतात ना, तेव्हा हेडफोनवर हेच लागायचं. एडिनबराचाच फायर इंजिन्स हा बँड पण ऐका, त्यांचे कार्यक्रम पंधरा-वीस मिनिटांत आटपायचे!

बी_साइड:
फायर इंजिन्ससाठी अनेक धन्यवाद, तेच लिहायचं राहिलं होतं. कॅसेटवाला, तुम्ही फ्रान्झ फर्डिनांडवरून इथे आलात ते उगाच नाही. त्यांच्याच डॉमिनो लेबलने २००६ मध्ये जोसेफ केची 'एन्टोमॉलॉजी' नावाची निवडक गाणी काढली, आधी ती घ्या, दोन्ही अल्बममधलं सापडेल.

कॅसेटवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आज ऑफिसमधून येताना लोकलमध्ये जुन्या अल्बममधलं 'ड्रोन' आणि नव्यातलं 'फॉरएव्हर ड्रोन' पाठोपाठ लावलं, चार वेळा. उत्तररात्र, जुन्यात आवाज छान आहे हे कबूल. पण नव्यात त्या दोन गिटार सुरू झाल्या आणि माझं ठाणं कधी गेलं कळलंच नाही, डोंबिवलीला उतरून परत फिरलो.