स्मृतिफलकावरील पदकाचे जुने नाव बदलावे काय?

प्रश्न :
आमच्या संस्थेच्या प्रवेशद्वारापाशी एका जवानाचा स्मृतिफलक आहे. दारूगोळ्याच्या कोठाराला लागलेल्या आगीतून सहकाऱ्यांना बाहेर काढताना त्याला मृत्यू आला. त्याबद्दल 1960 च्या दशकाच्या आरंभी मिळालेला मरणोत्तर सन्मान फलकावर ‘अशोक चक्र, वर्ग 2’ असा कोरलेला आहे. अक्षरांतला रंग उडाल्यामुळे दुरुस्ती करायची आहे, परंतु हा उल्लेख चुकीचा असून तेथे ‘कीर्ती चक्र’ हवे, असे काही सदस्य म्हणतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 :
मजकूर अचूक आहे. त्याला हात लावू नये. शत्रूशी सामना नसताना गाजवलेल्या शौर्यासाठी अशोक चक्र 4 जानेवारी 1952 रोजी तीन वर्गांत सुरू झाले आणि ते 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरण्यात आले. पुढे 1967 मध्ये दुसऱ्या वर्गाला कीर्ती चक्र आणि तिसऱ्याला शौर्य चक्र अशी नावे मिळाली. म्हणजे या जवानाचा सन्मान झाला तेव्हा तुमचे सदस्य सुचवतात ते नाव अस्तित्वातच नव्हते. फलकावर पदकाची फीत रंगवलेली असल्यास रंगाऱ्याला एवढे मात्र बजावा, की हिरव्या फितीवर नारंगी रेषा दोनच हव्यात. एक रेषा पहिल्या वर्गाची आणि तीन तिसऱ्याची.

उत्तर 2 :
मूळ ओळ राहावी हे मान्य, पण तेवढ्याने भागणार नाही. ‘वर्ग 2’ वाचून आजचा माणूस पदक दुय्यम समजतो, वास्तविक कीर्ती चक्राचे स्थान महावीर चक्राच्या लगेच खाली आणि वीर चक्राच्या वर आहे. म्हणून खाली लहान अक्षरांत ‘1967 पासून कीर्ती चक्र’ असे जोडावे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की त्याने नेमके काय केले हे फलक सांगतो का? बहुतेक फलक हुद्दा, नाव आणि पदक यांवरच थांबतात.

प्रश्नकर्ता :
आमच्या फलकावर ‘कर्तव्य बजावत असताना’ एवढेच शब्द आहेत. आगीचा उल्लेखही नाही.

उत्तर 2 :
मग शौर्य पुरस्कारांची घोषणा ज्यात होते त्या भारताच्या राजपत्रातून त्या वर्षीचे मानपत्र मिळवा आणि त्यातील घटनेची दोन-तीन वाक्ये, कुटुंबीयांना दाखवून, शेजारी स्वतंत्र पाटीवर कोरा. विशेषणे भरू नका.